गरम घासावरची फुंकर

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्याने खुशाल सोडून द्यावी. पण जेवता जेवता वाचू नये, एवढी हात जोडून विनंती आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या, मध्यरात्र आणि ओसाड रस्ता लागतो. इथे यातलं काहीच नाही. हे घडलं भरदुपारी, लख्ख उजेडात, एका पाळणाघरात, मुलांच्या जेवणाच्या वेळी.

आणि घडलं माझ्या सख्ख्या मावशीसमोर.

मावशी साथीच्या आजारांच्या दवाखान्यात नर्स होती. घरात तिला आम्ही 'पोलादी नाक' म्हणायचो. ज्या गोष्टी नुसत्या ऐकून आपल्याला मळमळतं, त्या ती डबा खाता खाता सांगायची. पू, बेडके, जुलाब... सगळं रंग आणि वासासकट. काका ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचे आणि ती मागून हाक मारायची, "अहो, लोणचं राहिलं!"

अशा बाईच्या दोनच तऱ्हा. एक, कुठलाही पदार्थ पार गार झाल्याशिवाय ती तोंडाला लावत नाही. दुसरी, तिच्या पर्समध्ये कायम एक स्वॅब असतो. बंद नळीतली ती लांब काडी, टोकाला कापूस, घशातला नमुना घ्यायची. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी असते. आम्ही चिडवतो, "मावशी, लग्नात कुणाचा घसा तपासणार आहेस?"

ती हसत नाही.

का हसत नाही, ते तिने मला एकदाच सांगितलं.

तेव्हा तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, चार-पाच वर्षांची होती. तिला सगळे बबडी म्हणायचे. मावशी आणि काका दोघंही नोकरीला, म्हणून बबडी दिवसभर पाळणाघरात असायची. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीवर रंगवलेले ससे, कोपऱ्यात छोट्या चपलांची रांग. चालवणाऱ्या बाई स्वच्छतेच्या बाबतीत कडक. मावशीने पसंत केलेली जागा, म्हणजे बघायलाच नको.

त्याच पाळणाघरातलं एक मूल एका सकाळी दवाखान्यात आलं.

ताप बेताचा. मान मात्र सुजून बैलासारखी झालेली. मावशीने जीभ दाबली, आत बॅटरी मारली आणि तिचा हात तिथेच थांबला. घशात पडदा होता. राखाडी, जाड, ओल्या चामड्यासारखा, दोन्ही बाजूंनी चिकटलेला. कडेला जरा काडी लागली की रक्त यायचं.

आणि वास... गोडसर, सडका. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा.

घटसर्प.

नव्या डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला. मावशीने रिपोर्टची वाटही बघितली नाही. विष उतरवणाऱ्या सीरमसाठी फोनाफोनी सुरू केली, कारण हा पडदा वाढत वाढत श्वासाची वाट बंद करतो आणि त्याचं विष हृदयापर्यंत जातं. सीरम आलं. मूल वाचलं. पाठोपाठ त्याच पाळणाघरातलं दुसरं आलं. ते वाचलं नाही.

मावशीला आधी बबडी आठवली, कारण तिचा घटसर्पाच्या लसीचा बूस्टर डोस राहिला होता. द्यायच्या दिवशी तिला सडकून ताप होता, नंतर सर्दी, नंतर खोकला.

पाळणाघर बंद केलं. सगळ्या मुलांचे, बाईंचे, आयाचे स्वॅब घेतले. सगळ्यांना औषध सुरू केलं. खेळणी धुतली, भांडी उकळली, प्रत्येक मुलाला आपली वेगळी वाटी आणि आपला वेगळा चमचा. घटसर्प शिंकेतून, खोकल्यातून, उष्ट्यातून पसरतो. काही माणसं स्वतः ठणठणीत असतात आणि घशात तो घेऊन फिरतात. मावशीला खात्री होती, तिथे असं कुणीतरी सापडणार.

पण सगळे रिपोर्ट स्वच्छ आले. सगळेच.

पाळणाघर पुन्हा उघडलं. तरी मावशी बबडीला पाठवायला तयार नव्हती. खोकला जाऊन बूस्टर होईपर्यंत काकांनी रजा काढली आणि मुलीला घरी ठेवलं.

मग तिसरी केस आली. एक छोटीशी मुलगी. ती तर पाळणाघर पुन्हा उघडल्यावर नवीनच आली होती. मावशीचं डोकं चालेना. हिला लागण झाली कुणाकडून?

मुलीला बोलता येत नव्हतं धड. आवाज नाकातून यायचा, गिळलेलं दूध नाकातून परत यायचं आणि त्यासोबत पडद्याचे तुकडे. मावशी ते पुसत होती. पुसता पुसता तिने लाडाने विचारलं, "मनी, पाळणाघरात तुला कोण भरवतं गं?"

"आजी."

"कुठली आजी?"

मुलीने ओठांचा चंबू केला. समोरच्या रिकाम्या हवेत फुंकर मारली. फू... फू... फू... मग मान जराशी वर करून आ केलं. आणि तशीच बसून राहिली, घास यायची वाट बघत.

मावशीने पाळणाघरातल्या सगळ्यांचे स्वॅब घेतले होते. तिथे आजी नव्हतीच.

तिने घरी फोन केला. बराच वेळ वाजला. मग आठवलं. सकाळीच काका म्हणाले होते, ऑफिसातून बोलावणं आलंय, बबडीला जरा वेळ शेजारी ठेवतो. शेजारणीकडे फोन लावला.

"अहो, मला जायचं होतं बाहेर," शेजारीण म्हणाली. "मी सोडली तिला तुमच्या पाळणाघरात. उघडलंय ना आता?"

मावशी रिक्षात बसली तेव्हा अंगावर ॲप्रन तसाच होता. खिशात स्वॅबच्या नळ्या होत्या.

दारातच तिने बाईंना धरलं. "इथे आजी कोण आहे?"

बाईंच्या हातातला डाव खाली पडला. उत्तर दिलं ते मागे उभ्या असलेल्या आयाने. "माझ्या आधी एक म्हातारी आया होती, ताई. मुलं आजी म्हणायची. फार माया. प्रत्येक घासावर फुंकर मारायची, आपल्या ओठाला लावून बघायची, पोळत नाही ना. मगच भरवायची."

मावशीच्या अंगावर शहारा आला. एकीच्या ओठाचं सगळ्या मुलांच्या तोंडात. "कुठे आहे ती?"

"वारली," बाई म्हणाल्या. "आता बरेच महिने झाले. घसा बसलाय म्हणायची. वय झालं होतं."

"तोंडात बघितलं होतं कुणी?"

बाई वाकून डाव उचलायला लागल्या.

"एकदा आ करायला सांगितलं होतं तिला? कुणीही?"

"तोंडाला वास यायचा हो फार," बाई हळूच म्हणाल्या. "जवळ जाववत नव्हतं."

मावशीला त्या क्षणी त्या बाईंची शिसारी आली. तो वास त्यांना सोसवला नाही, आणि त्याच तोंडाचं उष्टं मुलं खात होती.

"बबडी कुठे आहे?"

"आत. वाट्या मांडल्यात," आया म्हणाली आणि घुटमळली. "ताई, एक सांगू? हल्ली मुलं माझी वाटच बघत नाहीत. वाट्या मांडल्या की गप्प बसतात. मी पाणी घेऊन येईपर्यंत अर्धी मुलं..."

"अर्धी मुलं काय?"

"चावत असतात."

मावशी आत शिरली.

खिडक्या उघड्या होत्या. ऊन आत आलेलं. बाहेर पानही हलत नव्हतं, पंखा बंद. मुलं सतरंजीवर ओळीने बसलेली आणि प्रत्येकासमोर कुस्करलेल्या बटाट्याची गरमागरम वाटी. सगळ्या वाट्यांवरून वाफ सरळ वर जात होती.

एकही मूल बोलत नव्हतं.

सगळ्यांनी माना वर करून आ केलेलं होतं.

मग पहिल्या वाटीवरची वाफ... वाकली.

सरळ झाली. पुन्हा वाकली. फू... फू... आवाज अगदी बारीक, ओलसर. पहिल्या मुलाने तोंड मिटलं आणि ते चावायला लागलं. त्याचा चमचा सतरंजीवर तसाच पडलेला होता. ओठांच्या कोपऱ्यातून राखाडी लाळेची तार हनुवटीवर उतरली.

दुसरी वाटी. वाफ वाकली... मूल चावू लागलं.

आणि तो वास खोलीभर पसरला. फुलदाणीतल्या पाण्याचा. ज्या बाईला कुठल्याच वासाने जन्मात कधी किळस आली नव्हती, तिला भडभडून ओकारी आली. तिने ती गिळली.

तिसरी. चौथी.

ओळीच्या शेवटी बबडी होती. आईकडे तिचं लक्षच नव्हतं. ती समोर, थोडं वर, कुणाच्या तरी तोंडाकडे बघत होती आणि आ करून हसत होती.

तिच्या वाटीवरची वाफ वाकली. बटाट्यावर एक पातळ साय धरली. राखाडी. ओली.

मावशी मुलीला उचलून पळू शकली असती. मीही तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "एकटी बबडी नव्हती गं तिथे." तिने बबडीला एका हाताने मागे ओढलं, दातांनी नळीचं बूच काढलं आणि जिथून वाफ वाकत होती तिथे, तोंडाच्या उंचीवर, काडी धरली. आवाज मात्र रोजचा होता. वॉर्डातला.

"आजी, आ करा बघू. मोठ्ठा आ."

फुंकर थांबली.

खोलीत मुलांच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता.

मावशीने काडी पुढे सरकवली. ती हवेतून जायला हवी होती...

ती कशात तरी शिरली.

मऊ. ओलं. गार. गालाच्या आतल्या बाजूसारखं. हजारो घशांत काडी घातलेला तो हात होता, त्याला न बघता कळत होतं. ही जीभ. ही पडजीभ. आणि हा पडदा, काडी अडवणारा, जाड. तिने काडी नेहमीसारखी फिरवली.

"ओऽऽक..."

म्हाताऱ्या बाईची ओकारी. अगदी कानाजवळ. मावशीच्या मनगटावर काहीतरी गार, चिकट उडालं.

आणि मग काडी एकदम मोकळी झाली.

पहिलं मूल रडायला लागलं, मग सगळी. मावशीने एकेकाच्या तोंडात बोट घालून आतलं बाहेर काढलं. काय निघालं, ते मी लिहिणार नाही. तिने सांगितलं तेव्हा माझं दोन दिवस जेवण गेलं होतं.

सगळ्यांना पुन्हा औषध, पुन्हा स्वॅब. बबडीला त्याच संध्याकाळी डोस. पाळणाघरातली सगळी भांडी दवाखान्याच्या भट्टीत गेली. त्यानंतर तिथे एकही केस झाली नाही. वॉर्डातली ती छोटी मुलगीही बरी झाली.

ती काडी लॅबला पाठवताना मावशीने नळीवर नाव घातलंच नव्हतं. लॅबमधून फोन आला.

"सिस्टर, हा पेशंट कुठे आहे? ताबडतोब सीरम द्या. घटसर्प आहे, भरभरून वाढलाय."

"बरं."

"आणि सिस्टर... सोबत पडद्याचा जो तुकडा आलाय, तो सडून महिने झालेत. जिवंत माणसाच्या घशात असं काही असू शकत नाही. नमुना घेतलात कुठून?"

मावशीने फोन ठेवून दिला. मनगट मात्र ती कातडी सोलवटेपर्यंत धूत राहिली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

मागच्या रविवारी आम्ही सगळे ताईकडे जेवायला जमलो होतो. ताई म्हणजे तीच बबडी. तिला आता बाळ आहे. बाळ त्याच्या उंच खुर्चीत बसलेलं, समोर बटाट्याची वाटी. ताई चमचा आणायला स्वयंपाकघरात गेली होती. काकांचा कुठलासा विनोद चालला होता.

मावशी हसता हसता थांबली.

मी तिच्या नजरेच्या दिशेने बघितलं. पंखा बंद होता. वाटीवरची वाफ एका बाजूला वाकलेली होती.

आणि बाळ... समोर कुणीही नसताना, मान वर करून, आ करून हसत होतं.

मी ताईला हाक मारायला तोंड उघडलं.  आणि वास आला. आयुष्यात पहिल्यांदा, तो गोडसर, सडका वास.

मावशी उठली. तिने पर्स उघडली आणि नळीचं बूच दातांनी काढलं.

"त्याला नाही, आजी," ती म्हणाली. "आधी तुम्ही आ करा."

बाळाचे डोस सगळे वेळेवर झालेत, मावशी स्वतः घेऊन जाते. तरी आजीच्या काडीसोबत त्याचाही स्वॅब पाठवलाय. हे लिहितेय तोवर रिपोर्ट आलेला नाही.

माझा चहा समोर आहे. वाफ सरळ वर जातेय. मी तिच्याकडे बघत बसलेय.