उजवा आरसा

विहंग, तो मोबाईल उलटा ठेव. निधी, तू भिंतीला टेकून बस, पाठ मोकळी नको. दर्पण कॉलनीत आमच्या शेजारी विमलवहिनी राहतात ना, त्यांच्या शंतनूची ही गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली, तीही एकदाच.

त्याच्याकडे वडिलांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. तिला लावलेले बाजारातले आरसे नुसते थरथरायचे, मागचं धड काही दिसायचं नाही. मोठ्या काचेचे दणकट आरसे हवेत म्हणून पठ्ठ्यानं लश्करचा सगळा बाजार पालथा घातला. शेवटी दाना ओलीच्या गल्लीत एका कबाड्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, जोडी मिळाली. कबाडी म्हणाला, "भैया, ध्यान रखना, दाएँ वाले की चूड़ी उल्टी है." म्हणजे उजव्याचे आटे उलटे. नेहमीसारखा सोडवायला जाल, तर आवळत जाणार.

गेल्या पौषात, अवसेच्या आदल्या रात्री, सव्वाअकरा वाजता वहिनींना दम लागला. घरातला दम्याचा पंप संपलेला. बिर्लानगरात एक औषधाचं दुकान उघडं होतं, तिथून शंतनू नवा पंप घेऊन निघाला. बंद गिरणीच्या फाटकापुढून जाताना उजव्या आरशात पाहिलं. फाटकाशी एक माणूस हात वर करून उभा होता. लिफ्ट मागत होता. आई घरी धापा टाकतेय, हा कशाला थांबतो?

पुढे गेला. आरशात फाटक तेवढंच जवळ. गाडी साठवर नेली. फाटक तिथंच. गिरणीची भिंत काही संपेना. मान वळवून पाहिलं... नुसतं धुकं. आरशात मात्र तो माणूस जवळ आलेला.

शंतनूनं आरसा खाली वळवला. तरी तोच.

थांबला. आरसा काढायला लागला. फिरवतोय... फिरवतोय... घट्टच होतोय. कबाड्याचं बोलणं पार विसरला होता. हाताची सालं निघाली. तिकडे आई एकटी. पोरगा रडकुंडीला आला. आरशात आता नुसती छाती दिसत होती, चेहरा मावत नव्हता.

मग कानामागून, अगदी मायेनं...

"उल्टा घुमाओ, बेटा."

फिरवला. सुटला. नाल्यात फेकला.

भिंत संपली, चौक आला. चढावर गाडी जरा जड चालत होती, एवढंच. वहिनींना वेळेत पंप मिळाला. शंतनूला वाटलं, सुटलो.

सकाळी तो गाडी पुसायला गेला. मागे बसणाऱ्याचे फुटरेस्ट वडील गेल्यापासून गंजून मिटलेले. हातोडीनंही कधी उघडले नव्हते.

दोन्ही उघडे होते.