पहिलीचा मान

नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात सोनमनं रंगीत खडूंची पेटी मागितली, तेव्हा दुकानदारानं सहज विचारलं, "पोरीच्या शाळेचा प्रोजेक्ट का?"

"न्हाय ओ. बाहुलीचं तोंड रंगवायचंय."

दुकानदारानं नुसती मान डोलावली. एप्रिलच्या दुपारी सोलापुरात कुणी कशाचं फारसं नवल करत बसत नाही. त्यानं दोन बारीक ब्रश आणि पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली पुढं सरकवल्या, आणि सोनम ओढणीनं डोकं-तोंड गुंडाळून रिक्षात बसली. मनातल्या मनात ती जाम खूश होती.

बाहुली आदल्याच दिवशी कुरियरनं आली होती. साधीसुधी नव्हे. मान, कोपर, मनगट, गुडघा, प्रत्येक सांध्यात गोळा बसवलेला, आतून सगळी इलास्टिकनं ओवलेली. बसवली तर बसणारी, मान वळवली तर वळलेलीच राहणारी. पण चेहरा कोरा. नाक होतं, ओठांचा उठाव होता, रंग मात्र कुठंच नव्हता, आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं. काचेचे डोळे वेगळ्या पुडीत होते. ते डोक्याचं झाकण काढून आतून चिकटवायचे. चेहरा ज्यानं-त्यानं आपल्या हातानं रंगवायचा, हीच तर त्यातली गंमत. सोनमनं मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून पाहून डोळ्यांची वाट लावून घेतली होती.

ही सगळी धडपड पायलसाठी होती.

पायल सात वर्षांची. सोनमची सावत्र मुलगी. पायलची आई म्हाळसा डेंग्यूनं गेली, तेव्हा पोर चार वर्षांची होती. मग दीड वर्षापूर्वी बिरुदेवनं सांगोल्याच्या सोनमशी लग्न केलं आणि तिला जुळे सोलापूर भागातल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणलं. तो टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होता. सोनम पुढच्या खोलीत बायकांच्या भुवया कोरायची. संसाराला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त पायल तिला काहीच म्हणायची नाही. आई नाही, मावशी नाही, काकू नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची आणि 'ऐक ना' म्हणायची. झोपायची आजीजवळ. सोनमला ते 'ऐक ना' रोज काट्यासारखं लागायचं.

आजी म्हणजे अंबुबाई, सोनमची सासू. मोतीबिंदूनं तिला धड दिसत नव्हतं. म्हाळसा तिच्या सख्ख्या भावाची लेक, त्यामुळं ती सासूला 'आत्ती' म्हणायची. सोनम 'मामी' म्हणायची. कधीकधी अंबुबाई सवयीनं हाक मारायची, "म्हाळसा, पाणी आण गं..." आणि मग चूक ध्यानात आली की जीभ चावायची, "सोनम, सोनम!" सोनम हसून सोडून द्यायची. आतून मात्र तिला बरं वाटायचं नाही, हेही खरं.

आणि गळ्यात तो टाक होता.

पहिली बायको वारलेली असली की दुसरीनं तिचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही त्यांच्या घरची रीत. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेलं बाईचं तोंड. तोंड कसलं, दोन टिंबं आणि एक रेघ. सोनमनं तो मंगळसूत्रात ओवला होता. नवीन साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. नवीन बांगड्या, घरात येणारी नवी वस्तूसुद्धा. पहिलीचा मान पहिलीला. सोनमनं दीड वर्ष हे तक्रार न करता केलं होतं. बाहुली आली तेव्हा मात्र तिनं खोकं उघडलं आणि मुद्दाम टाक पदराआड सारला. एवढी एक वस्तू तरी माझी आणि पायलची असू दे, असं तिला फार वाटलं.

पहिल्या दिवशी तिनं गच्चीवर जाऊन बाहुलीच्या डोक्याला बेसचा स्प्रे मारला. तो वाळल्यावर खडूची पूड करून गालांना, पापण्यांना चोळली. भुवया तर तिच्या हातचा मळ. शेवटी ओठ रंगवून, काचेचे डोळे बसवून बघितलं तर एक डोळा सांगोल्याला आणि एक अक्कलकोटला! सोनम एकटीच खो-खो हसली. हाताशी होतं ते नेलपेंट रिमूव्हर कापसावर घेऊन तिनं चेहरा पुसला, आणि बाहुलीचा गाल चिकट झाला. मग व्हिडिओ पुन्हा लावला तर त्यातली बाई सांगत होती, रिमूव्हर अजिबात वापरू नका, ब्रश धुवायचं लिक्विड घ्या. नवशिक्याला अक्कल अशीच यायची. तिनं लिक्विड मागवलं, बारीक पॉलिश पेपरनं गाल साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या खेपेला डोळे जमले. चेहरा वाळायला ठेवून ती एका गिऱ्हाइकाच्या भुवया करून आली. बघते तर बाहुलीच्या उजव्या गालावर काळा ठिपका.

ब्रशचा शिंतोडा उडाला असेल, असं म्हणून तिनं तो पुसला. थोड्या वेळानं पुन्हा तिथंच ठिपका. तिनं पूर्ण चेहरा पुसून नव्यानं रंगवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ठिपका होताच, आणि भुवया तिनं काढल्या होत्या त्याहून जाड झालेल्या.

आता सोनमच्या मनात पाल चुकचुकली. घरात कुणीतरी हात लावत होतं.

पहिला संशय पायलवर. "पायल, बाहुलीला पेन्सिल लावलीस का गं? रागवत न्हाय मी. खरं सांग."

पायलनं बाहुलीकडं पाहिलं. टक लावून पाहिलं. मग पहिल्यांदाच सोनमच्या इतकी जवळ आली की तिच्या तेलाचा वास आला. "मी न्हाय लावली," ती म्हणाली. "पण छान झालीय." आणि बाहुलीचा हात हातात धरून उभी राहिली.

सोनमला आनंद व्हायला हवा होता. तसा तो झालाही. पण पोर इतक्या प्रेमानं बघत होती ते चेहऱ्याकडं नव्हे, ठिपक्याकडं, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

मग संशय सासूवर. पण अंबुबाईला भाकरी तव्यावर आहे की परातीत हे चाचपून बघावं लागायचं. तिला कुठली आलीय बारीक पेन्सिल! राहिला बिरुदेव. तो कारखान्यातून यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. तरी सोनम त्याच्या बोटांना रंग लागलाय का ते बघू लागली. नवऱ्याच्या ताटात वाढताना त्याची नखं तपासायची, अशी वेळ तिच्यावर आली.

शेवटी तिनं बाहुलीचं पूर्ण तोंड पुसलं, तिला कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं कपाट उघडलं.

आतून लिक्विडचा उग्र वास आला आणि त्यात मिसळलेला शिकेकाईचा. त्या घरात शिकेकाई कुणीच वापरत नव्हतं. बाहुली बसलेली होती. चेहरा पूर्ण रंगवलेला होता. जाड भुवया, वरचा ओठ जरा पातळ, उजव्या गालावर तीळ. आता त्याला ठिपका म्हणायची सोय राहिली नव्हती.

किल्ली सोनमच्या गळ्यात होती. सोनमशिवाय ती कुणाकडं नव्हती. आणि त्याच गळ्यात अजून एक जण होती... हे मनात आलं आणि सोनमनं झटक्यात बाहुली बाहेर काढून टेबलावर ठेवली.

ती भिंतीवरच्या म्हाळसाच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. जाड भुवया, पातळ ओठ. पण तीळ डाव्या गालावर होता. डाव्या! सोनमनं सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे ती नव्हे. आपल्यालाच भ्रम होतोय, झोपेत उठून आपणच रंगवत असू. डॉक्टरला दाखवू, आणखी काय.

त्या संध्याकाळी बिरुदेव लवकर आला. टेबलावर बाहुली बघून तो दारातच थबकला.

"हे काय लावलंयस तू?" त्याचा आवाज खाली गेला होता. "फोटो बघून काढलंस व्हय? पोरीला नादाला लावायला? का काही करणी-बिरणी..."

"देवाशप्पथ न्हाय ओ! आणि फोटो बघून काढलं असतं तर तीळ डाव्या गालावर काढला असता की. बघा तुमीच."

बिरुदेव फोटोकडं गेलाच नाही. बाहुलीकडंच बघत राहिला.

"ती सेल्फी हाय, सोनम," तो हळू म्हणाला. "तिनंच काढलेली. उलटी येती. मोरणी बघ... पदर बघ."

सोनमनं बघितलं. दीड वर्ष ती रोज या फोटोला हार घालत होती. मोरणी उजव्या नाकपुडीत होती. पदर उजव्या खांद्यावर होता. जगातली कुठलीही बाई आरशात दिसावी तशी.

"तीळ उजव्याच गालावर होता," बिरुदेव म्हणाला. "तुला... तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा मात्र विश्वास बसला नाही. तो न जेवता बाहेर निघून गेला, आणि जाताना त्यानं पायलला बरोबर नेलं. सोनमला ते सगळ्यात जास्त लागलं. पोरीला माझ्यापासून लांब ठेवायला लागला हा. मी काय तिचा गळा दाबणार होते?

अंबुबाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. ती चाचपत आली, बाहुलीच्या तोंडावरून तिनं बोटं फिरवली आणि हात झटकन मागं घेतला.

"सोनम... ही घरात आणलीस तवा आदी तिला दावलीस का?"

सोनम टेबलावरचे ब्रश आवरू लागली.

"टाकाला लावलीस का, इचारते मी?"

"न्हाय मामी."

"का गं?"

"सगळं तिलाच आदी? साडी तिला, बांगडी तिला... एक वस्तू माझी नको?" सोनमच्या डोळ्यांत पाणी आलं.

अंबुबाई रागावली नाही. तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "माझी भाची ती, वाईट न्हवती. तिचा मान तिला दे, गप होईल. टाक बाहुलीला लाव आणि म्हण, ही बाहुली तुला. एवढंच म्हण हां. दुसरं काय बोलू नगं."

सोनम टेबलापाशी गेली. टाक हातात धरला, बाहुलीच्या कपाळाला टेकवला. काचेचे डोळे खालून तिच्याकडं बघत होते. तिला सगळं आठवलं: 'ऐक ना', नवऱ्याची नजर, पोरीला घेऊन गेलेला तो. आणि तिच्या तोंडातून शब्द निघून गेले.

"घे बाई! तुझं जे जे असेल ते सगळं घे, आणि मोकळी हो एकदाची."

ती जे म्हणाली ते सासूनं सांगितलं होतं ते नव्हतं. पण रागाच्या भरात कोण शब्द मोजतं? खोलीत काहीच झालं नाही. खाली कुणीतरी नळाला मोटार लावली, तेवढा आवाज आला. रात्री उशिरा बाप-लेक परत आले आणि सगळे झोपले.

सकाळी बाहुलीचा चेहरा कोरा होता. कुणी पुसल्यासारखा नव्हे, पहिल्या दिवशी खोक्यातून निघाला तसा, स्वच्छ. शिकेकाईचा वासही नव्हता. सोनमनं तो बिरुदेवला दाखवला. तोही जरा ओशाळला, तिच्या तोंडाकडं न बघताच "काल डोकं फिरलं माझं," म्हणाला आणि कामावर गेला. सोनमनं देवाला साखर ठेवली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

पायल उठून आली. डोळे चोळत उभी राहिली, आणि मग धावत येऊन सोनमच्या कमरेला मिठी मारली.

"आई!"

 सोनम खाली बसली, तिनं पोरीला छातीशी धरलं. दीड वर्ष ज्याची वाट बघितली ते असं सकाळी सकाळी, न मागता हातात पडलं होतं. "काय गं बाळा?"

पायल हसली. तिनं बोट उचलून सोनमच्या उजव्या गालावर टेकवलं.

"तीळ आला की परत."

सोनम आरशापुढं गेली. तीळ होता. तिनं भुवयांच्या सामानाच्या ट्रेमधलं नेलपेंट रिमूव्हर घेतलं, कापूस भिजवून गाल घासला, अजून घासला. कातडी लाल झाली. तीळ तसाच. तिची बोटं हनुवटीवर गेली. लहानपणच्या कांजिण्यांचा एक खोल खड्डा होता तिथं, ती विचार करताना नेहमी त्यात बोट फिरवायची. हनुवटी गुळगुळीत होती. घाबरून तिनं छातीवरचा टाक मुठीत धरला, आणि अंगठ्याखाली काहीतरी लागलं. चांदीतल्या त्या इवल्या तोंडावर, खालच्या बाजूला, एक बारीक खड्डा.

"म्हाळसा," स्वयंपाकघरातून अंबुबाईची हाक आली, "चहा ठेव गं."

यावेळी म्हातारीनं जीभ चावली नाही.

मामी, मी सोनम, असं सोनमला जीव तोडून ओरडायचं होतं. तिनं तोंड उघडलं. आवाज आला तोही शांत, घरातल्या बाईचा.

"ठेवते, आत्ती."