ठीक म्हणेपर्यंत

विनतानं अंबरीशला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या खांद्यावर गव्हाचा डबा होता आणि तो चुकीच्या दारात उभा होता. कांचघर वस्तीतल्या त्या गल्लीत पिठाची चक्की आणि तिच्या वडिलांचं, बापूंचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे नवखा माणूस हमखास चुकतो. पण चुकलेला माणूस लगेच मागे फिरतो. हा फिरला नाही. टेबलावरच्या उघड्या रेडिओत काचेच्या नळ्यांसारखे दोन व्हॉल्व्ह मंद नारिंगी पेटले होते, त्यांच्याकडे तो बघत राहिला... आणि मग तिच्याकडे.

"तुम्ही व्हॉल्व्हचं काम करता?"

"बापू करायचे. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून मी करून राहिली."

"अच्छा... माझ्याकडे हेडफोनचा अ‍ॅम्प आहे. व्हॉल्व्हवाला. खूप आवाज करतो. म्हणजे — गाण्याशिवायचा आवाज."

"शनिवारी आणा," विनता म्हणाली. "बाकीचे दिवस चक्कीची मोटर चालू असते, इथे सगळंच घरघरतं. शनिवारी तिला सुट्टी."

"शनिवारी," तो मान हलवत म्हणाला आणि गव्हाचा डबा तिथेच विसरून निघून गेला. तो तिनंच चक्कीवर दिला. शनिवारी अंबरीश अ‍ॅम्प आणि लॅपटॉप घेऊन आला तेव्हा पीठ तयार होतं. बापूंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि ते आतल्या खोलीत जाऊन बसले. एरवी ते गिऱ्हाइकासमोरून उठत नसत.

अंबरीश त्याच शहरात, अधारतालला राहायचा. आजोबांपासून घरातले सगळे पुरुष संरक्षण कारखान्यात. हा तोफगोळ्यांच्या चाचणीच्या विभागात होता. गेले काही महिने गाणी पहिल्यासारखी ऐकू येईनात म्हणून त्यानं आधी फोन बदलला, मग हेडफोन बदलले, आणि शेवटी हा अ‍ॅम्प मागवला. आवाज वाढवणारा चौकोनी काळा डबा, त्यावर दोन व्हॉल्व्ह, डाव्या कानाचा एक, उजव्याचा एक.

"आणि इतकं करून," तो म्हणाला, "डावीकडे सूंऽऽ येतंच."

विनतानं हेडफोन लावले. सूं नव्हता, पण दोन दोष तिला लगेच सापडले. खाली एक जाड घुंऽऽ होता, आणि डावीकडे बारीक खरखर. अ‍ॅम्प आणि लॅपटॉप विजेच्या वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्यामुळे असेल, असं तिला वाटलं. तिनं दोन्ही एकाच बोर्डावर लावले. घुंऽऽ गेला. मग तिनं डाव्या-उजव्या व्हॉल्व्हची अदलाबदल केली, तशी खरखर तिच्या डाव्या कानातून उठून उजव्यात आली.

"हा व्हॉल्व्हच खराब आहे," ती हसून म्हणाली. "जिथे जातो तिथे कटकट करतो."

"आमच्या सेक्शनमध्ये पण आहेत असे दोघं-तिघं."

बापूंच्या साठ्यातला जुना, चांगला व्हॉल्व्ह तिनं बसवला. खराब निघालेला बापूंच्या पद्धतीनं कागदात गुंडाळला आणि वर पेन्सिलीनं लिहिलं — 'डावा. खरखर.' बापू खराब व्हॉल्व्ह कधी टाकत नसत, त्याचं दुखणं लिहून खणात ठेवत. त्यांचा आणखी एक नियम होता. गिऱ्हाईक स्वतः ऐकून 'ठीक' म्हणत नाही, तोवर सेट दुकानाबाहेर जायचा नाही.

अंबरीशनं ऐकलं. डोळे मिटून, बराच वेळ.

"डावीकडचा आहे अजून," तो म्हणाला. जरासा ओशाळून.

मग शनिवारामागून शनिवार लागले. तिनं वायर बदलली, व्हॉल्व्हच्या खाचा साफ केल्या, मोबाइलमुळे सूं येतो की काय म्हणून तो पार दारापर्यंत नेऊन ठेवला. दुकानात सोल्डरिंगच्या राळेचा वास असायचा, थंडीतलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत यायचं, आणि तो सदर बाजारातून समोसे आणायचा ते त्या उन्हात ठेवले जायचे. एका शनिवारी तो बूट घालत असताना, त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून ती हळूच बोलून गेली, "तुम्ही येता ना... तर आठवडा बरा जातो माझा."

त्यानं नाडी बांधली, उठला आणि "चलो, येतो," म्हणून गेला.

विनता दिवसभर स्वतःवर चिडून होती. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि त्यानं तर तो घेतलासुद्धा नाही!

पुढच्या शनिवारी ते झालं. अ‍ॅम्पचं तोंड तिच्याकडे होतं. अंबरीश डोळे मिटून बसला होता, कानांवर हेडफोन, गाणं बंद. काय मनात आलं कोण जाणे, तिनं हेडफोनची पिन अलगद उपसली. पिन तिच्या मुठीत होती आणि हेडफोनला आता काहीच जोडलेलं नव्हतं.

"आहे का?" तिनं जरा मोठ्यानं विचारलं.

"आहे," तो डोळे न उघडता म्हणाला. "आहे तसाच आहे. सूंऽऽ..."

म्हणजे सूं त्याच्या डाव्या कानातच होता. नाडी बांधताना त्यानं उत्तर का दिलं नव्हतं, तेही तिला त्याच क्षणी कळलं. आता सांगायला हवं होतं. पण ती घाबरली. जो माणूस गाण्यांवर जीव टाकतो त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि त्या भीतीच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जिची तिला पुढे फार लाज वाटली: हे सांगितलं, तर शनिवार संपले.

त्यानं डोळे उघडायच्या आत तिनं पिन जागेवर खोचली.

"बघते," ती म्हणाली. "अजून एक वायर बदलून बघते."

असे तीन शनिवार गेले.

तिसऱ्या शनिवारी ती त्याला दारापर्यंत सोडायला आली. तो गल्लीत उतरला आणि डावीकडून ऑटो आला. ऑटोवाल्यानं एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला. अंबरीश पुढेच चालला होता. विनतानं धावत जाऊन त्याची बाही ओढली, तेव्हा ऑटो दोघांच्या अंगाला घासल्यासारखा गेला. ऑटोवाला ओरडला, "अरे भैया, बहरे हो क्या!"

अंबरीश हसला. विनता रडायला लागली.

"काहून रडता? लागलं का?"

"आवाज अ‍ॅम्पमध्ये नाही," ती म्हणाली. "तो कधीचाच साफ झाला. आवाज... तुमच्या कानात आहे. मी पिन काढली होती, तरी तुम्ही 'आहे' म्हटलं."

त्यानं आपली बाही सोडवून घेतली. मग अगदी शांतपणे त्यानं विचारलं, "कधी काढली होती?"

"तीन शनिवार झाले."

"तीन." त्यानं उघड्या दारातून टेबलाकडे पाहिलं. "आणि तू मला दर वेळी वायर बदलून दाखवत होती?"

इतक्या दिवसांत तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि ते असं. अ‍ॅम्प टेबलावर तसाच राहिला आणि तो निघून गेला.

एक शनिवार गेला. दुसराही गेला. बापूंनी एकदा तिला जवळ बसवून सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, तो 'ठीक'चा नियम गिऱ्हाईकासाठी आहे," ते म्हणाले. "त्याला खोटं समाधान मिळू नये म्हणून. आपण त्याला बांधून ठेवावं म्हणून नाही."

"माहीत आहे, बापू."

"मग आता वाट बघ. ती तर बघावीच लागेल."

तिसऱ्या शनिवारी अंबरीश आला. हातात कानाच्या डॉक्टरांचा कागद होता. तो स्टुलावर बसला आणि कागदाकडेच बघत बोलू लागला.

"मार्चमध्ये चाचणीच्या वेळी मी कानावरचा, आवाज अडवणारा मफ काढला होता. मीच. गरमी होऊन राहिली होती. तेव्हा सूं सुरू झाला. मला वाटलं, जाईल. मग वाटलं, फोन खराब आहे." त्यानं कागदाची घडी घातली. "खरं सांगू? रात्री उशीत कान दाबला तरी यायचा. मला कळत होतं, विनता. मी पण मशीनलाच दोष देत होतो."

"मी आधी सांगितलं असतं तर?" तिनं विचारलं. "कान वाचला असता?"

"डॉक्टर म्हणाले, मार्चमध्येच यायला पाहिजे होतं, त्याच आठवड्यात. आता जेवढं गेलं तेवढं गेलं. तुझ्या तीन शनिवारांनी काही बिघडलं नाही." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "पण तुला ते माहीत नव्हतं, तरी तू चूप राहिली."

"हो," विनता म्हणाली. "तुम्ही यायचं थांबाल म्हणून. चुकलंच माझं. फार चुकलं."

बाहेर गल्ली शांत होती. चक्की बंद होती ना.

"डॉक्टर आणखी एक म्हणाले," कागद खिशात ठेवत तो बोलला. "एकदम शांततेत बसू नका. बाजूला हलका काहीतरी आवाज राहू द्या, म्हणजे कानातला सूं टोचत नाही. मी पंखा लावून पाहिला, जमलं नाही. मग आठवलं... तो कटकट्या व्हॉल्व्ह. टाकला नाही ना?"

विनतानं खण उघडला. 'डावा. खरखर.' तिनं कागद सोडला. तिनं चांगला व्हॉल्व्ह काढून त्या जागी तो खराब बसवला, आवाज हलका ठेवला आणि हेडफोन त्याच्या हातात दिले. आयुष्यात पहिल्यांदा ती बिघाड परत बसवत होती.

त्यानं डोळे मिटले. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. इतक्या शनिवारांत ती आठी कधीच सुटली नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

"ठीक?" तिनं विचारलं.

"ठीक," अंबरीश म्हणाला.

नियम म्हणजे नियम. तिनं अ‍ॅम्प कापडात बांधला आणि तो काखेत धरून अंबरीश गेला. गल्लीच्या टोकाला त्यानं थांबून डावीकडे मान वळवून नीट पाहिलं, मग रस्ता ओलांडला. विनता आत आली आणि तिनं टेबलावरची रिकामी जागा झाडूनपुसून स्वच्छ केली. आता शनिवारी तिथे काहीही ठेवता येणार होतं.

पुढच्या शनिवारी दारात सावली पडली. अंबरीश उभा होता. खांद्यावर डबा नव्हता, काखेत अ‍ॅम्प नव्हता. हात अगदी रिकामे.

"काय बिघडलं?" विनता उठून उभी राहिली.

"काही नाही बिघडलं."

"मग काहून आले?"

"काही बिघडलं नाही, तरी आलो," तो म्हणाला. "तेच सांगायला आलो."

आतल्या खोलीत बापू उगाच खोकले. अंबरीश आत येऊन नेहमीच्या स्टुलावर बसला. विनतानं आपलं स्टूल उचललं, टेबलाला वळसा घातला आणि ते त्याच्या उजव्या बाजूला ठेवलं. त्याच्या चांगल्या कानाशी वाकून तिनं, नाडी बांधत असताना त्याला ऐकू न गेलेलं ते वाक्य पुन्हा म्हटलं.

या वेळी त्यानं ते ऐकलं.