अर्धवट धरत नाही

उशिरा येणाऱ्याला निवड नसते. कराटेच्या वर्गात नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या जोड्या लागून गेल्या, आणि मागे राहिले दोघं – दातांच्या दवाखान्यातली मदतनीस आणि घड्याळं दुरुस्त करणारा एक जाडजूड तरुण.

"उरलेसुरले एकत्र," तो हसला. "चालेल ना?"

"न चालून करते काय?" ती म्हणाली... आणि उगाचच लाजली.

मॅडमचा नियम कडक होता. पुश-अप जोडीदाराने मोजायचे, आणि छाती खालच्या स्पंजला टेकली तरच धरायचे. ठरलेला आकडा गाठला नाही तर पुढचा पट्टा विसरायचा. हा पठ्ठ्या गेल्या परीक्षेत नापास झालेला. पुन्हा तसाच तोंड पाडून जाईल, या धास्तीने तिलाच झोप लागत नव्हती.

परीक्षेत शेवटी शेवटी त्याचे हात थरथरू लागले. छाती स्पंजच्या वरच अडली – एकदा, पुन्हा एकदा... तिने डोळे घट्ट मिटले आणि आकडे म्हणून टाकले.

"पास!" मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

तो मात्र उठून घाम पुसत म्हणाला, "मॅडम, शेवटचे टेकले नाहीत. मोजणी चुकली."

सगळ्या नजरा तिच्याकडे वळल्या. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. कान तापले, मान वर होईना.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "मला वाटलं... तुम्हाला बरं वाटेल."

"तुम्हाला वाटलं, मला जमणारच नाही," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या कुणाला वाटलं असतं तर चाललं असतं हो."

करायला गेली एक आणि झालं भलतंच! लबाडी केली ती केलीच, वर ज्याच्यासाठी केली त्यालाच कमी लेखलं. या विचाराने ती इतकी खजील झाली की वर्गाला जाणंच तिने सोडलं.

एका संध्याकाळी तो दवाखान्यात हजर!

"कुठला दात?" तिने खाली मान घालूनच विचारलं.

"दात ठणठणीत आहेत. जोडीदार पळालाय. फेरपरीक्षा आहे – मोजणार कोण?"

"माझ्यावर भरवसा ठेवाल?"

"छाती टेकली नाही तर 'नाही' म्हणा, मग ठेवेन."

फेरपरीक्षेत ती गाल जमिनीला लावून स्पंजकडे बघत राहिली. "हा धरला नाही," ती म्हणाली. "हाही नाही." तो लालबुंद झाला, दात-ओठ आवळून पुन्हा खाली गेला – आणि टेकला! पुन्हा टेकला! "झाले!" ती ओरडली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

तो तिथेच पालथा पडून धापा टाकत हसत होता. "ऐक ना... मला तू... म्हणजे आपण दोघं..."

पहिल्यांदाच 'तू'! तिचे कान पुन्हा तापले. पण आता ती शिकली होती.

"अर्धवट," ती म्हणाली. "धरला नाही."

त्याने मोठा श्वास घेतला. "मला तू आवडतेस."

"हा धरला," ती म्हणाली, आणि मान खाली घातली नाही.