सुगंधाबाईंचं वेगळं ताट

रविवारी दुपारी दीड वाजता, मुलुंडच्या घरात, श्रुतिकाने सासूचं ताट उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात फेकलं.

"बस झालं, आई! ताट वेगळं, पेला वेगळा, घासायचंही तुम्हीच... मी तुमच्या जातीतली नाही, हे रोज दाखवायलाच हवं का?"

"श्रुती, हळू बोल ना," तिचा नवरा नितेश पुटपुटला.

"तू गप्प बस! उद्या प्रांजलला घेऊन चेंबूरला जातेय मी, माहेरी."

सुगंधाबाईंनी तोंडावर पदर धरला. वरच्या पुढच्या दातांमागे, टाळूवर, सुपारीएवढी गाठ ठणकत होती आणि तिच्यातून मधूनच खारट पाणी जिभेवर झिरपत होतं. गणपतीपासून त्यांनी ती लपवली होती. त्यांचे यजमान धोंडू तोंडाच्या कर्करोगाने गेले होते... तेच दुखणं आता आपल्याला झालं, आणि आपल्या उष्ट्यातून ते नातीला, प्रांजलला, लागणार, अशी त्यांची खात्रीच झाली होती. सुनेचे टोमणे त्यांनी मुकाट्याने सोसले. पण नातच घरातून जाणार म्हटल्यावर बांध फुटला.

"तुझो विटाळ नाय गो! माझ्या तोंडातला दुखणा चेडवाक लागात म्हणान..."

त्यांनी तोंड उघडून दाखवलं. श्रुतिकाने मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. "कर्करोग वाटत नाही. बाळ पोटात असताना टाळूत एक बारीक नळी असते. तिच्या अवशेषातून क्वचित अशी पाण्याची पिशवी वाढते. काढावी मात्र लागेल. आणि आजी, कर्करोग असता तरी उष्ट्याने लागला नसता!"

श्रुतिकाने सासूचा हात घट्ट धरला. सुगंधाबाईंना मात्र वेगळंच आठवलं. शेवटच्या आजारपणात धोंडू दाराआडून हाका मारत होते, "नितू, ये रे..." आणि लागण होईल या भीतीने सुगंधाबाईंनी ना त्या हाका लेकाच्या कानावर पडू दिल्या, ना त्याला बापाच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं! बाप आपल्याला विसरला, असंच नितेश आजवर मानत आला.

बुधवारी शस्त्रक्रिया झाली. टाळूची कातडी दातांमागून उचलून गाठ मुळासकट काढली, कातडी परत बसवून टाके घातले. पुढची टाळू बधिर आहे. तिथली संवेदना कधी परत येईल, हे डॉक्टर सांगत नाहीत.

गुरुवारी श्रुतिकाने गार पेज चमच्याने भरवली. उरलेली, त्याच चमच्याने, स्वतः संपवली. दोघींचे डोळे वाहत होते.

"आई, काही हवंय का गं?" नितेशने विचारलं.

धोंडूंच्या हाकांबद्दल सांगायला सुगंधाबाईंनी ओठ हलवले. टाके ताणले, रक्ताची चव आली.

"राहू दे, नंतर सांग," तो म्हणाला.

गाठीचा तपासणी अहवाल अजून यायचा आहे. आणि बाप आपल्याला हाका मारत होता, हे नितेशला अद्याप कळलेलं नाही.