नकाशात नसलेला झरा

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. म्हणजे पाय आभाळात आणि डोकं गवतात. आमच्या कचेरीतलं मोजणीचं यंत्र इतकं जुनं आहे, की त्याच्या दुर्बिणीतून सगळं जग खालचं वर दिसतं. तळ्याकाठच्या रानातून नवा रस्ता जायचा होता आणि त्याची मोजणी माझ्याकडे आली होती. समोर मापाची पट्टी धरून आमचे साखळीवाले काका, म्हणजे मोजणीतले मदतनीस, उभे असायला हवे होते. त्यांच्या जागी हा! अंगात विटका सदरा, हातात पट्टी आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव.

"काका कुठायत?" मी ओरडले.

"झाडाखाली. दमले होते, म्हटलं पडा जरा. पट्टी सरळ आहे ना?"

"पट्टी सरळ आहे. तुम्ही उलटे आहात!"

"असं बरेच लोक म्हणतात," तो हसला.

दुर्बिणीत हसणारा माणूस रुसल्यासारखा दिसतो. मी मान वर काढली... ते हसू मला सुलट बघायचं होतं.

डबा खाताना काकांनी माहिती पुरवली. हा शहरात वकील होता. चांगला चाललेला धंदा सोडून वर्षभर मावशीच्या जमिनीवर, तळ्याकाठच्या खोपटात एकटाच राहतोय. "डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात," काका म्हणाले, "पण चहा फक्कड करतो."

मोजणी पाच दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी मी चहाचं निमित्त काढून खोपटाशी गेले. खरं तर प्रश्न विचारायचे होते. एकट्या माणसाबद्दल मला भयंकर कुतूहल. आमच्या घरात आई, दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं. मला आंघोळ सोडली तर एकांत ठाऊक नाही.

"तुम्ही स्वतःशी मोठ्यानं बोलता?"

"बोलतो. भांडतोही. परवा दिवसभर अबोला होता."

"पण वकिली का सोडलीत?"

"सहा वर्षं मी दुसऱ्यांची मतं मांडली. एकदा जेवताना वहिनीनं सहज विचारलं, भावजी, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? आणि मला... उत्तरच येईना."

मग त्यानं त्या विचारवंतांबद्दल सांगितलं, ज्यांची पुस्तकं त्याच्या उशाशी होती. त्यांचं म्हणणं असं, की झाडात, पाण्यात, माणसात एकच चैतन्य वाहतं. खरं काय ते परंपरेला किंवा चार लोकांना विचारायची गरज नाही, ते आपल्या आतच असतं. निसर्गात शांत बसलं की ऐकू येतं.

"या मताला एक नाव आहे. अतींद्रियवाद."

"नाव ऐकूनच ताप भरला मला," मी म्हणाले. "आणि ही साखर? तीही आतूनच आली?"

तो मनापासून हसला. "बाजारातून आली. तुम्ही उलटतपासणी छान घेता."

तिसऱ्या दिवशी त्यानं मला दगडांच्या कपारीतला झरा दाखवला. मनगटाएवढी धार, पण अशी थंड, की दात शिवशिवले. "भर उन्हाळ्यातही आटला नाही," तो म्हणाला. माझ्या बोटांवरून पाणी ओघळत होतं आणि तो पाण्याकडे बघत नव्हता... मी घाईघाईनं वही उघडली. कचेरीच्या जुन्या नकाशात तिथं नुसती कोरडी जमीन होती. मी झऱ्याची नोंद केली.

चौथ्या दिवशी कचेरीत साहेबांनी ती नोंद पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो बाई, झरा दाखवलात तर अख्खा रस्ता वळवावा लागेल. जुन्या नकाशाप्रमाणे काढा. रस्त्याच्या आखणीवर बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात."

आजवर मी सगळ्यांच्या खाली सही करतच आले होते. नोकरी आईनं सांगितली ती, चष्म्याची फ्रेमसुद्धा वहिनीनं निवडलेली. पाचव्या दिवशी मी तडक खोपटावर गेले.

"काय करू, सांगा."

"मी सांगितलं तर ते माझं मत होईल," तो हळूच म्हणाला. "तुमचं काय?"

माझं टाळकंच सरकलं. "सोपं आहे तुम्हाला! इथं ना साहेब, ना बदलीची भीती. माणसांत राहून आतला आवाज ऐकून दाखवा, मग बोला!"

मी यंत्र उचललं आणि मागं न बघता निघाले. वाटेत रडू आलं. कशाचं, ते मात्र कळेना.

मी झऱ्यासकट नकाशा काढला. साहेबांच्या झरा नसलेल्या नकाशावर सही केली नाही. आठवड्यानं वरच्या अधिकाऱ्यांनी लोकांसमोर रस्त्याची सुनावणी घेतली. मी उभी राहून नकाशा उलगडला. साहेबांनी विचारलं, "हा झरा तुमच्याशिवाय कुणी पाहिलाय?" काका सुट्टीवर.

"मी पाहिलाय."

मागच्या रांगेत तो उभा होता. दाढी केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. एवढ्या गर्दीची सवय सुटलेली, म्हणून समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरलेली.

"आपण कुणाच्या वतीनं बोलताय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. वर्षभर मी ते पाणी प्यायलोय. यांची नोंद खरी आहे. आणि खरं बोलायला यांना... फार धीर लागलाय."

निकाल असा लागला, की साहेबांनी स्वतः जागेवर जाऊन पाहावं, तोवर रस्ता थांबेल. माझी बदली मात्र त्याच संध्याकाळी जुन्या कागदांच्या खोलीत झाली. विशेष म्हणजे त्या रात्री मला झोप उत्तम लागली.

पण त्याआधी, संध्याकाळी कचेरीच्या पायऱ्यांवर तो थांबला होता.

"तुमचं खरं होतं," तो म्हणाला. "एकट्यानं राहून आतला आवाज ऐकणं सोपं आहे. मी परत येतोय शहरात. सुट्टीला तळं आहेच. पण... एकट्यानं जायचं नाही म्हणतोय."

कान गरम झाले. मी एका दमात बोलून टाकलं, "मला तुम्ही आवडता. आणि हे मी कुणालाही न विचारता सांगतेय."

तो इतका लाल झाला, की कापल्याच्या खुणा दिसेनाशा झाल्या. "मलाही. फार दिवसांपासून... म्हणजे यंत्रावरून डोकं वर काढलंत तेव्हापासून. आईंना विचारावं लागेल?"

"सांगावं लागेल."

रविवारी तो घरी आला. आईनं दारातच त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "काय करता आपण?"

"सध्या... विचार करतो," तो बिचारा खरं बोलला.

दादानं डोळे मिटले. वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली. आई दारातून बाजूला झाली.

"मग आत या," ती म्हणाली. "विचार बसूनही करता येतो."