फराहबागेतला पिंपळ

"अहो, थांबा! ते रोप माझं आहे!"

फराहबागेतल्या जुन्या महालाच्या कमानीखालून प्रज्ञा ओरडली, तोवर परांचीवरच्या तरुणाच्या हातात पिंपळाचं रोप मुळासकट आलं होतं. त्याने वाकून खाली पाहिलं.

"पिंपळ तुमचा? मग भिंत कुणाची?"

त्याचं नाव सम्राट. महालाच्या दुरुस्तीवरचा इंजिनिअर. ती वनस्पतिशास्त्राची, जुन्या भिंतींत काय उगवतं, त्याचा अभ्यास करणारी. रोपांना तिने दोऱ्याने बिल्ले बांधले होते, आणि तो ती उपटून फेकत होता. हिवाळाभर दोघं भांडली. मग भिंत स्वच्छ झाली, भांडणही संपलं... तरी सावेडीच्या घरून तिची स्कूटर येतच राहिली.

आज ती सांगायला आली होती.

"इंग्लंडला निघालेय. एका जुन्या किल्ल्याच्या बागेत काम मिळालंय, वर्षभरासाठी. सोमवारी विमान."

"तिथंही भिंतीतली रोपं?"

"हो. लोक तिकीट काढून बघायला येतात तो किल्ला."

"इथं फुकट भांडायला मिळतं," तो म्हणाला. पण हसला नाही.

ओल्या चुन्याचा वास दोघांमध्ये रेंगाळला. जाऊ नका, असं त्याने म्हणावं अशी तिची इच्छा नव्हती. पण काहीतरी म्हणावं...

तो महालाच्या मागच्या बाजूला चालू लागला. ती मागोमाग गेली — आणि थबकली. सावलीत रंगाच्या रिकाम्या डब्यांची रांग होती. प्रत्येक डब्यात पिंपळ. प्रत्येकाला तिनेच बांधलेला बिल्ला.

"तुम्ही तर फेकली म्हणालात!"

"बोधिवृक्ष फेकवेल का? आईनं घरात घेतलं नसतं मला."

प्रज्ञा खाली बसली. एका कोवळ्या तांबूस पानावरून तिने बोट फिरवलं.

"राजूरला आमचं शेत हाय." गडबडला की त्याची भाषा गावाकडे वळायची. "आई म्हणती, पिंपळ एकट्यानं लावू नये. एकानं रोप सरळ धरायचं, दुसऱ्यानं माती लोटायची. तुमी येईस्तोवर मी पाणी घालीन... वरीसभर."

तिने डबा उचलला. तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली होती.

"वर्षभर डब्यात नाही जमायचं. मुळं स्वतःभोवतीच गुंडाळत जातात."

त्याचा चेहरा उतरला. "मग?"

"मग जायच्या आधीच लावू." तिने डबा त्याच्या हातात दिला. "रविवारी नेशील राजूरला? रोप मी धरते, माती तू लोट. आणि आईंना आधीच सांगून ठेव — दुसरं माणूस मिळालंय म्हणून."